दुसरा ब्रेक

दुसऱ्यांदा बोर्डातून परत आले तेव्हा गल्लीत मला कोणी काही विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी विचारलं होतं. मी परीक्षेचा अर्ज भरला तेव्हापासून गल्ली मला ‘कॅप्टन’ म्हणते. पहिल्या वर्षी कौतुकाने म्हणायचे, दुसऱ्या वर्षी सवयीने, आणि आता किराणावाला साबण देताना दात विचकून म्हणतो. तरी मी त्याच्याकडूनच साबण घेते. दुकान बदललं तर तो जिंकला असं होईल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सैन्यात अधिकारी व्हायचं तर आधी लेखी परीक्षा असते. ती मी दोन्ही वेळा पास झाले होते आणि दुसऱ्यांदा तर चांगल्या गुणांनी. त्यानंतर पाच दिवसांचं निवड मंडळ, त्यालाच सगळे बोर्ड म्हणतात. तिथे छातीवर नंबराचं कापड बांधतात आणि पाच दिवस तो नंबर हेच तुमचं नाव. चित्रं दाखवून गोष्टी लिहायला लावतात, मुलाखत घेतात, मैदानात फळ्या आणि दोर देऊन अडथळे पार करायला लावतात. शेवटच्या दुपारी एक अधिकारी येऊन निवडलेल्यांचे नंबर वाचतो. बाकीच्यांनी सामान उचलायचं आणि बसमध्ये बसायचं. का निवडलं नाही, हे कोणी सांगत नाही. शाळेत नापास झालेल्या पोराला निदान गुणपत्रिका तरी मिळते.

यंदा तिसरी लेखी परीक्षा पास झाले आणि बोर्डाचं पत्र आलं. हातात एक्केचाळीस दिवस होते. पुढच्या वर्षी माझं वय मर्यादेच्या बाहेर जाणार, त्यामुळे यानंतर संधी नाही. काय कमी पडतंय हे माहीत नसलं की माणूस सगळंच वाढवत बसतो, तसं माझं चाललं होतं. पाच किलोमीटर धावायचे ते आठ केले, वर्तमानपत्रं एकाऐवजी दोन घेतली, आरशासमोर उभं राहून मुलाखत द्यायला लागले. आरशातली बाई माझ्यावर कधीच खूश नसायची.

आमचा ड्रायव्हिंग स्कूलचा धंदा आहे. स्कूल म्हणजे काय, तर पुढच्या खोलीत एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि दारात एक पांढरी गाडी. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा दोघंच. बाबा सैन्यात ड्रायव्हर होते. वीस वर्षं ट्रक चालवले, पुढची काही वर्षं साहेबांची जीप चालवली, आणि निवृत्त झाल्यावर लोकांना गाडी शिकवायला लागले. सकाळची धाव झाली की सातची आणि आठची शिकवणी मी घेते, बाकीच्या ते.

शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही पायाशी एक ब्रेक असतो. एका लोखंडी दांडीने तो मुख्य ब्रेकला जोडलेला असतो आणि दांडी एका पिनेवर अडकवलेली असते. शिकणारा घाबरला की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. माझा पाय त्या ब्रेकवर असा बसलाय की चप्पलसुद्धा उजवीच आधी झिजते. माझ्या हाताखाली आजवर एकाही गाडीला ओरखडा आला नव्हता. बाबांच्या हाताखाली तीनदा मागचा दिवा फुटला होता, आणि हे मी त्यांना अधूनमधून ऐकवायचे.

त्या दिवशी आठच्या शिकवणीला मावशी आल्या त्या तोंड पाडूनच. मावशी म्हणजे नात्याच्या नव्हेत. पुढच्या चौकात त्यांचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे, कारखाना म्हणजे तीन मशीन आणि एक इस्त्रीचं टेबल. वय बावन्न. कपड्यांचे गठ्ठे पोचवणारा टेम्पोवाला ऐन वेळी फोन बंद करून बसतो, म्हणून स्वतःच गाडी शिकायची असं त्यांनी ठरवलं होतं. आदल्या दिवशी त्यांची लायसनची परीक्षा होती. तिसरी. तिसऱ्यांदाही नापास.

मला राग आला. दोन महिने मी त्यांच्याबरोबर त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर बसत होते. माझ्याबरोबर त्या एकदाही चुकल्या नव्हत्या. मी जरा चढ्या आवाजात विचारलं की तिथे गेलं की होतं काय तुम्हाला, इथे तर सगळं येतं.

मावशींनी चष्मा काढून पदराने पुसला. “इथे मला काही येत नाही गं,” त्या म्हणाल्या. “वळणाला मी ब्रेक दाबायच्या आत गाडी हळू झालेली असते. तू शेजारी असलीस की गाडी मी चालवतच नाही, तूच चालवतेस. तिथे इन्स्पेक्टर नुसता वही घेऊन बसतो. मग मला पहिल्यांदाच कळतं की गाडी आपोआप थांबत नसते.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, हात दाखवून अवलक्षण. शिकवणी तशीच आटोपली आणि घरी येऊन बाबांना सांगितलं की मावशींना नाचता येईना म्हणून अंगण वाकडं. बाबा स्टोव्हवर चहा ठेवत होते. ते हसले नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून शिकणाऱ्यांची वही काढून माझ्यासमोर ठेवली आणि चहाकडे परत गेले. वहीत नावापुढे पास झाल्याची खूण असते. माझ्या निम्म्याहून अधिक लोकांना दोन-दोन, तीन-तीन वेळा परीक्षा द्यावी लागली होती. बाबांचे बहुतेक पहिल्या फटक्यात.

त्याचं कारण मला माहीत होतं. माहीत असून मी ते कधी कारण मानलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात बाबा शिकणाऱ्याला बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानावर नेतात, दांडीची पिन काढतात, त्याला दाखवतात आणि स्वतःच्या खिशात टाकतात. मग म्हणतात, आता तुमची तुम्ही. मला तो शुद्ध वेडेपणा वाटायचा. माझ्या शिकवण्यांत मी पिनेला कधी हात लावला नव्हता.

“मला आधी सांगायचं नाही का,” मी म्हटलं.

“दोनदा सांगितलं,” बाबा म्हणाले. “दोन्ही वेळा तू दिव्यांचा हिशेब काढलास.”

मी चहा घेतला नाही. खोलीत जाऊन आरशासमोर बसले, आणि तिथे मला मैदानातला तो खेळ आठवला. बोर्डात शेवटी एक कमांड टास्क असतो. तुम्हाला म्होरक्या करतात, हाताखाली दोन मदतनीस देतात, आणि लाल रंगाने आखलेल्या जमिनीवर पाय न टेकवता एक पिंप पलीकडे न्यायला सांगतात. मध्ये दोन ओंडके, हातात एक आखूड फळी, एक बल्ली म्हणजे लाकडी वासा, आणि दोर. फळीला बल्ली बांधली की लांबी पुरते. वेळ पंधरा मिनिटं. दोन्ही वर्षी मी तो वेळेच्या आधी पूर्ण केला होता. मुलाखतीत अडखळले असेन, गोष्टी भिकार लिहिल्या असतील, पण इथे मी बाजी मारली याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. म्हणूनच बाबांना मी याविषयी कधी काही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी सांगितलं. जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडून दाखवलं. हा ओंडका, ही फळी, इथे मी गाठ मारली, इथून मी पुढे गेले, मग पिंप मी असं ओढून घेतलं. बाबा काड्यांकडे बघत राहिले.

“आणि ते दोघं काय करत होते?” त्यांनी विचारलं.

एकाच्या हातातून मी दोर काढून घेतला होता, एवढं आठवलं. तो पहिल्या वर्षी की दुसऱ्या, ते आठवेना. मदतनिसांचे नंबर आठवेनात, चेहरे आठवेनात. दोन वर्षांत चार माणसं माझ्या हाताखाली उभी होती आणि त्यांतलं एकही मला ओळखू आलं नसतं. मला लाज वाटली, खरीखुरी, कान गरम होईपर्यंत.

बाबांनी काड्या गोळा करून पेटीत भरल्या. मग म्हणाले, “मी बारा साहेबांच्या गाड्या चालवल्या. घाटात, चिखलात, बर्फात. साहेब शेजारी बसायचे. काही चांगले होते, काही नव्हते. पण साहेबाच्या पायाखाली ब्रेक नसतो, बाळा. त्याच्याकडे नुसतं तोंड असतं आणि डोळे असतात.”

दुसऱ्या दिवशी आठच्या शिकवणीला मी मावशींना मैदानावर नेलं. पिन काढली, दाखवली आणि खिशात टाकली. मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. माझाही पडला असावा. मी त्यांना सांगितलं की कालचं तुमचं बरोबर होतं, आणि हेही सांगितलं की मला बोर्डापर्यंतच्या दिवसांत त्यांच्याकडून काहीतरी शिकायचंय. त्या म्हणाल्या, नापास माणसाकडून? मी म्हटलं, आपण दोघी एकाच वर्गातल्या.

पहिल्या आठवड्यात माझे हात मांडीवर राहता राहिले नाहीत. स्टिअरिंगकडे जायचे, हँडब्रेककडे जायचे. पाय तर मेलेला ब्रेक दाबत सुटायचा, आणि गाडी ढिम्म ऐकायची नाही. मग ओरडायचे, ते उशिरा. पाचव्या दिवशी मावशी एका रिकाम्या पिंपाच्या दिशेने सरळ निघाल्या, मी “थांबा” म्हणेपर्यंत समोरचा दिवा फुटला होता. माझी पहिली काच. मावशी उतरल्या, फुटक्या काचेकडे नीट बघितलं, पिंपापर्यंत पावलं मोजली आणि परत येऊन बसल्या. आता कळलं केव्हा दाबायचा ते, म्हणाल्या, चल पुन्हा. संध्याकाळी बाबांनी नवी काच बसवली. बसवताना ते शीळ घालत होते.

हळूहळू मला एक गोष्ट उमगली. ब्रेक ऐन वेळी दाबला तरी चालतो, शब्द आधी निघावा लागतो. म्हणजे आधी बघावं लागतं. पाय मोकळा ठेवायचा तर डोळ्यांना दुप्पट काम. आणि शब्दही थोडे हवेत. “अहो मावशी बघा ना पुढे तो सायकलवाला आहे” एवढं म्हणेपर्यंत सायकलवाला घरी पोचलेला असतो. “डावीकडे सायकल, हळू” एवढं पुरतं. दुपारी अंगणात बाबा आणि मावशी माझे मदतनीस व्हायचे. लाल रंगाऐवजी खडूच्या रेघा, ओंडक्यांऐवजी उलटे डबे, पिंपाऐवजी मावशींचा कपड्यांचा गठ्ठा. बाबांचा गुडघा दुखरा आणि मावशींना गाठ म्हणजे सुईदोऱ्याचीच ठाऊक. मी हात पाठीमागे बांधून उभी राहायचे. दोघांनी मिळून गठ्ठा पलीकडे नेला त्या दिवशी शेजारची मंडळी भिंतीवरून बघत होती. किराणावालाही होता. कॅप्टनने म्हाताऱ्यांना कामाला लावलं, असं तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

बोर्डाच्या सहा दिवस आधी मावशींची परीक्षा झाली. मी लायसनच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसले होते. गाडी वळणाआड गेली तसा माझा उजवा पाय फरशी दाबायला लागला. शेजारचा माणूस सरकून बसला. गाडी परत आली, रेषेवर थांबली, आणि इन्स्पेक्टरने उतरता उतरता वहीवर सही केली. मावशींनी काच खाली केली आणि मला म्हणाल्या, “आता तुझं घोडामैदान.”

यंदा माझा नंबर बावीस होता. पहिले तीन दिवस जसे जायचे तसे गेले. मुलाखतीत विचारलं की दोनदा नाकारलं तरी परत का आलात. मी सांगितलं की दोनदा मी चुकीचं काम चांगलं करून दाखवलं होतं. समोरचे अधिकारी पुढे विचारत गेले, आणि मी मावशी, पिन आणि फुटलेली काच सगळं सांगून टाकलं. ते हसले की नाही हे कळलं नाही, त्यांनी मान खाली घातली होती.

कमांड टास्कला परीक्षकांनी मला मदतनीस दिले, एकतीस आणि आठ. एकतीस म्हणजे ताडमाड उंच, धडधाकट मुलगा. आठ म्हणजे बारकीशी मुलगी. मी दोघांना काय करायचं ते सांगितलं. एकतीसने पहिल्या ओंडक्यापर्यंत फळी टाकली. पुढच्या टप्प्यासाठी फळीला बल्ली बांधायचं काम आठकडे होतं.

तिने गाठ मारली, ती सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. ती गाठ मला झोपेतही येते, ट्रकवर माल बांधणाऱ्याची मुलगी आहे मी. दोर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी पाठीमागे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलं, इतकं घट्ट की नखं रुतली. वेळ पळत होता. ही शेवटची संधी होती. दोर हातात घेतला तर वीस सेकंदांचं काम, आणि नाही घेतला तर कदाचित अख्खं वर्ष, अख्खं वय वाया. तरी मी तिच्या हाताऐवजी दोराकडे बघितलं आणि चूक दिसली.

“आठ, खालून घे. मग स्वतःकडे ओढ.”

तिसऱ्यांदा गाठ बसली. तेवढ्यात एकतीसच्या पायाखालची फळी ओंडक्यावरून सरकताना मला दिसली. “एकतीस, डावा पाय मागे,” मी म्हटलं, आणि तो लाल जमिनीत जाता जाता वाचला. मग फळी पुढे गेली, आठ पुढे गेली, पिंप पुढे सरकलं. पलीकडच्या रेघेपासून एक पाऊल उरलं होतं तेव्हा शिट्टी वाजली.

काम अपुरं राहिलं. आधीच्या दोन्ही वर्षी ते पूर्ण करून मी घरी गेले होते, आणि यंदा अपुरं.

परीक्षक जवळ आले. त्यांनी विचारलं की ती गाठ मला येत होती का. मी हो म्हटलं.

“मग बांधली का नाही? वेळेत झालं असतं.”

“मी गाठ बांधायला वाकले असते तर एकतीसची फळी कोणी बघितली नसती, सर,” मी म्हटलं. “आणि आता ती गाठ आठलाही येते.”

ते काही लिहून निघून गेले. त्या संध्याकाळी मी नळ सोडून तोंड धुतलं आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं. आपण बरोबर केलं याची खात्री होती, पण खात्रीने निवड होत नाही. तरी बाबांना काय सांगायचं ते पक्कं झालं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं असतं की ते दोघं काय करत होते, तर या वेळी माझ्याकडे उत्तर होतं.

शेवटच्या दुपारी आम्हाला ओळीत बसवलं. अधिकाऱ्याने कागद उघडला. चार. अकरा. एकोणीस. मग त्याने पान नीट धरलं. बावीस. मी उभी राहिले. आठ निवडली गेली नाही, एकतीसही नाही. बसमध्ये चढण्याआधी आठ माझ्यापाशी आली आणि पुढच्या वर्षी परत येणार म्हणाली. मी तिला आमच्या घरचा पत्ता दिला.

फोन केला तेव्हा बाबा शिकवणीवर होते. मी सांगितलं. ते “बरं” म्हणाले. मग “थांब, यांना गाडी बाजूला घ्यायला सांगतो,” म्हणाले, आणि त्यानंतर बराच वेळ नुसता इंडिकेटरचा आवाज येत राहिला.

वैद्यकीय तपासणी झाली, पत्र आलं, आणि प्रशिक्षणाला निघायचा दिवस उजाडला. स्टेशनपर्यंत मीच सोडणार, असं मावशींनी निक्षून सांगितलं होतं. आमचीच पांढरी गाडी, मावशी स्टिअरिंगवर, शेजारी बाबा आणि मागे माझ्या काळ्या पेटीजवळ मी. निघताना बाबांनी स्वतः वाकून पिन काढली आणि खिशात टाकली. लायसनवाल्या बाईशेजारी दुसरा ब्रेक शोभत नाही, म्हणाले. किराणावाला दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्याने नुसता हात वर केला.

मावशींनी गाडी छान चालवली. चौकात थांबल्या, शाळेजवळ हळू झाल्या, बसला वाट दिली. तरी मला सारखा एक बारीक आवाज ऐकू येत होता, ठक्, ठक्. मी पुढे वाकून बघितलं. बाबांचा पाय त्या मेलेल्या ब्रेकवर होता. वळण असो नसो, समोर कोणी असो नसो, ते तो दाबत होते. स्टेशनची कमान दिसायला लागली तसा त्यांनी तो खाली टेकवून ठेवला, पार तळाला.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाबा,” मी म्हटलं. “पाय.”

त्यांनी खाली बघितलं. मग सावकाश पाय उचलला, सीटखाली दुमडून घेतला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मावशींनी गाडी फाटकाशी नेऊन अलगद थांबवली. मीच आधी दार उघडलं.